पवनचक्की उभी राहण्याआधी गावाला कोण विचारतं?



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा येते. सरपंच कोण, गणपूर्ती किती, सभा कोणत्या तारखांना, हे सगळं मुलं पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात आणि पुढे जातात. पण आपल्या भिवंडी तालुक्यातल्या मुलांच्या घरात रोज ऐकू येणारे शब्द वेगळेच आहेत. मोजणी, नोटीस, सातबारा, मोबदला, हरकत, मुदत. मुंबई-वडोदरा महामार्ग याच तालुक्यातून जातो, बुलेट ट्रेनचा मार्गही जातो, आणि भातशेतीच्या जागी गोदामं तर आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली. आठवीतला मुलगा घरी आलेली नोटीस आजोबांना वाचून दाखवतो, कारण आजोबांना ती भाषा कळत नाही. खरं सांगायचं तर त्यालाही कळत नाही. तो फक्त अक्षरं वाचतो.

या मुलांसाठी हा पाठ तयार केला आहे. आठवी ते दहावीपर्यंत कुठेही घेता येईल. विषय एकच ठेवला आहे : एखाद्या गावात पवनऊर्जा प्रकल्प येणार असेल तर परवानगी कोण देतं, आणि त्याआधी गावाला विचारतात का. मराठी, नागरिकशास्त्र, भूगोल आणि विज्ञान, चारही विषय यात येतात. तीन ते चार तासिका लागतात.

पवनचक्कीच का, असं एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. आपल्याकडे तर एकही पवनचक्की नाही, मग महामार्गच का घेत नाही? नाही म्हणूनच घेतली. महामार्गाचं उदाहरण घेतलं की वर्गाचे लगेच दोन भाग पडतात. ज्याच्या घरी मोबदला आला तो एका बाजूला, ज्याची जमीन अर्धी तुटली तो दुसऱ्या बाजूला. मुलं मग स्वतःचं बोलत नाहीत, घरचं बोलतात. पवनचक्कीवरून भिवंडीत कुणाचं भांडण नाही. आणि दुसरं म्हणजे पवनचक्की ही चांगली गोष्ट आहे. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. चांगल्या गोष्टीलाही गावाला विचारायला हवं का, हा प्रश्न मुलांना जास्त विचार करायला लावतो.

वारा कुठे असतो

विज्ञानाच्या तासापासून सुरुवात करा. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती २ × २ × २, आठ पट. मुलांना फळ्यावर ताशी १०, २० आणि ३० किलोमीटर वेगाची तुलना करायला लावा. ३० ला आलं की २७ पट होते आणि वर्गात एक 'बाप रे' ऐकू येतं. कंपन्या डोंगरमाथा का शोधतात हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खालच्या शेतात आणि वरच्या सड्यावर वाऱ्याच्या वेगात थोडासा फरक असला तरी विजेच्या हिशेबात तो फार मोठा होतो.

आता नकाशा घ्या. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. किनाऱ्यावर देवगडच्या पवनचक्क्या सहलीला गेलेल्या मुलांनी पाहिलेल्या असतात. राज्यात एकूण पवनऊर्जेची क्षमता सुमारे ५,००० मेगावॅट आहे. या जागांवर बोट ठेवलं की मुलांना एक गोष्ट आपोआप दिसते. वारा जिथे चांगला तिथे सहसा सडा, गायरान किंवा जंगल असतं. सातबारा पाहिला तर 'पोटखराबा' किंवा 'वन' असं लिहिलेलं. कागदावर ती जमीन रिकामी दिसते, पण कुणाची तरी गुरं तिथे चरतात, कुणीतरी तिथून सरपण आणतं, कुणाचा तरी देव तिथे असतो.

इथे एक मोजमाप जरूर करून घ्या. आजच्या मोठ्या पवनचक्कीचं एक पातं ६० मीटरच्या आसपास लांब असतं, आणि ते अखंड न्यावं लागतं, तुकडे करता येत नाहीत. मैदानावर दोरी घेऊन ६० मीटर मोजा. मग मुलांना विचारा, एवढी लांब वस्तू ट्रेलरवर ठेवून घाटातल्या वळणावरून कशी नेणार? उत्तर मुलंच देतात : रस्ता रुंद करावा लागेल, वळण तोडावं लागेल. पवनचक्कीच्या पायाला जागा थोडी लागते. रस्त्याला फार लागते.

भीमाशंकरचं उदाहरण

भीमाशंकरचं अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. आपल्या जिल्ह्यातला मुरबाड तालुका त्याला लागून आहे, त्यामुळे हे उदाहरण काही परक्या मुलखातलं नाही. हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते प्रामुख्याने शेकरूसाठी, म्हणजे आपल्या राज्यप्राण्यासाठी. या भागात, पुणे जिल्ह्याच्या खेड आणि मावळ तालुक्यांतल्या डोंगरमाथ्यांवर आंध्रा लेक नावाचा पवनऊर्जा प्रकल्प आला. त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर राखीव वनजमीन वळती करण्याला मंजुरी मिळाली.

ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने या जागेची दखल घेतली. गटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला सादर झाला. त्यातलं या प्रकल्पाचं वर्णन दहावीच्या मुलांना सोप्या शब्दांत सांगण्यासारखं आहे. इथलं जंगल भरपूर पावसाचं, सदाहरित, शेकरूचं घर. स्थानिक पातळीवरच्या वनक्षेत्रपालाने या जागेची जैवविविधता लक्षात घेऊन प्रकल्पाला परवानगी देऊ नये, असं मत दिलं होतं. वरच्या अधिकाऱ्यांनी ते बाजूला ठेवलं. मग उतारावर रुंद रस्ते कापले गेले. पावसाळ्यात दरडी आल्या, माती वाहून खालच्या शेतांत आणि धरणांच्या पाण्यात गेली. आणि जे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर जात होते, त्यांच्या वन हक्क कायद्याखालच्या हक्कांची अंमलबजावणी झालेलीच नव्हती. उलट त्यांनाच डोंगरावर जायला अडवलं जात होतं, असं अहवालात नोंदवलं आहे.

यातल्या वनक्षेत्रपालावर मी वर्गात जास्त वेळ थांबतो. मुलं पटकन 'सरकार वाईट, कंपनी वाईट' या वळणावर जातात. इथे सरकारचाच एक माणूस, स्थानिक पातळीवरचा, जागा पायाखाली घातलेला, योग्य ते कागदावर लिहून ठेवतो. त्याचं ऐकलं गेलं नाही हे खरं. पण त्याने लिहिलं होतं म्हणूनच नंतर तज्ज्ञ गटाला ते सापडलं. लिहून ठेवण्याला काय किंमत असते हे यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

कायदा काय म्हणतो

आता मुलं विचारतात, 'सर, मग तिथल्या लोकांना आधी विचारलं नव्हतं का?' इथे नागरिकशास्त्राचा तास सुरू होतो, आणि उत्तर जरा विचित्र आहे.

मोठ्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे. तिच्या परिशिष्टात प्रकल्पांची यादी आहे : खाणी, धरणं, औष्णिक वीज केंद्रं, बंदरं, सिमेंटचे कारखाने वगैरे. या यादीतल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. पवनचक्की या यादीत नाही. म्हणजे शेकडो पवनचक्क्यांचा प्रकल्प असला तरी या अधिसूचनेखाली जनसुनावणी सक्तीची नाही. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केली तेव्हा पवनऊर्जेला पांढऱ्या गटात टाकलं, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणारे उद्योग. त्यांना मंडळाचं संमतीपत्र लागत नाही, नुसतं कळवलं तरी पुरतं. धुराच्या दृष्टीने पाहिलं तर हे बरोबरच आहे. पण धूर न काढणारं यंत्र डोंगरावर नेण्यासाठी कापलेला रस्ता पांढरा नसतो, तो लाल मातीचा असतो.

मग गावाच्या हातात उरतं काय? जमीन वनजमीन असेल तर वन हक्क कायदा, २००६. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या पत्रानुसार वनजमीन वळती करण्याआधी गावकऱ्यांचे हक्क निश्चित झालेले असले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती हवी. पुढच्या काळात या अटीत सवलती आणि बदल होत गेले, त्यामुळे मोठ्या वर्गात घेताना 'आजची स्थिती काय' हे मुलांनाच शोधायला सांगा. या तरतुदीचं बळ काय असतं ते ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर दिसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निर्णयानंतर तिथल्या १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

जमीन खासगी असेल तर कंपनी एकेका शेतकऱ्याकडून ती विकत किंवा भाड्याने घेते, आणि गावाच्या वाट्याला येतो तो ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत. भिवंडी तालुक्यातली काही गावंही त्यात मोडतात. आपलं गाव त्या यादीत आहे का, हा गृहपाठ द्या. कितीतरी मोठ्या माणसांना हे माहीत नसतं.

ग्रामसभेची गणपूर्तीही याच वेळी सांगून टाका : १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. हे वाक्य वाचल्यावर मुलींना विचारा, तुमच्या आईला या सभेचं बोलावणं कधी आलं होतं का? उत्तर दुसऱ्या दिवशी घेऊन यायला सांगा.

एक सूचना. नववी-दहावीच्या वर्गात पवनचक्की हा शब्द उच्चारला की कुणीतरी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचं नाव काढतंच. मुलं मोबाइलवर सगळं पाहतात. तिथले सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, आणि पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या प्रकरणाचा संबंध असल्याचं तपास यंत्रणांनी न्यायालयात मांडलं. एवढंच सांगावं. विषय टाळू नये, रंगवूही नये. गावात पैसा येतो तेव्हा त्याचं बोलणं चावडीवर होतं की बंद गाडीत, हा फरक मुलांना समजण्याएवढा त्यांचा वयोगट मोठा आहे.

जनसुनावणी कशी असते

पवनचक्कीला ती सक्तीची नसली तरी जनसुनावणीची पद्धत मुलांना नीट शिकवावी असं मला वाटतं, कारण लोकांना विचारण्याची इतकी सविस्तर लिहिलेली पद्धत आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. २००६ च्या अधिसूचनेत ती पायरी पायरीने दिली आहे.

आयोजन राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात सूचना द्यायची. वर्तमानपत्र जिथे पोचत नाही तिथे दवंडी पिटायची. होय, चक्क दवंडी, अधिसूचनेत तसं आहे! मुलांना हे फार आवडतं. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी लोकांना पाहायला ठेवायचा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ. चित्रीकरण करायचं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी द्यायची. आणि शेवटी झालेल्या बोलण्याचा गोषवारा त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा.

जनसुनावणीला गणपूर्ती नसते, आणि तिथे मतदानही होत नाही. हा मुद्दा मुलं हमखास चुकवतात. हात वर करून प्रकल्प रद्द करता येत नाही. लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे नोंदवले जातात आणि अंतिम अहवालात कंपनीला त्यांची उत्तरं द्यावी लागतात. म्हणजे तिथे मोजली जातात ती माणसं नव्हे, मुद्दे. शंभर माणसांनी एकच घोषणा दिली तर तो एक मुद्दा. एका आजीने 'आमच्या विहिरीचा झरा त्या बाजूने येतो, तिथे सुरुंग लावला तर पाणी जाईल का?' असं विचारलं तर तोही एक मुद्दा, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

पद्धत कागदावर चांगली असली तरी ती कुठे मोडते हे जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी दिसलं. १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. अहवाल मराठीत सगळ्या गावांना आणि वेळेवर मिळाला नाही, ही तिथल्या लोकांची मोठी तक्रार होती. अणुऊर्जेच्या बाजूने असा की विरोधात असा, ही तक्रार समजायला कुणालाच अडचण नाही. जो अहवाल वाचता येत नाही त्याच्यावर काय बोलणार? माणूस मग ओरडतो. आपल्या भाषेत 'सुनावणे' या क्रियापदाचा अर्थ खडे बोल बोलणे असा आहे. चार शब्द सुनावले, म्हणतो ना आपण. बऱ्याच जनसुनावण्या त्याच अर्थाने पार पडतात.

मराठीचा तास : कर्ता कुठे गेला?

माझ्या मते या पाठाचा गाभा इथे आहे, म्हणून यासाठी पूर्ण तासिका ठेवा. खाली मी सरकारी धाटणीचा एक नमुना तयार केला आहे. तो फळ्यावर लिहा.

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील क्षेत्रावर पवनऊर्जा प्रकल्प प्रस्तावित करण्यात आला असून त्याकरिता पोचरस्त्याचे रुंदीकरण करण्यात येईल. आवश्यक तेथे वृक्षतोड करण्यात येईल. बाधितांस नियमानुसार मोबदला देण्यात येईल. हरकती असल्यास विहित मुदतीत लेखी सादर कराव्यात. मुदतीनंतर प्राप्त हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

आधी शब्द सोडवा. मौजे म्हणजे गाव. उपरोक्त म्हणजे वर सांगितलेला. बाधित म्हणजे ज्याचं नुकसान होणार तो. विहित मुदत म्हणजे ठरवून दिलेला काळ. इतपत मुलांना जमतं.

मग प्रयोग विचारा. व्याकरणात आपण 'राम आंबा खातो' आणि 'रामाने आंबा खाल्ला' यापलीकडे फारसे जात नाही. इथे मुलांना प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायला लावा. वृक्षतोड करण्यात येईल : कोण करणार? मोबदला देण्यात येईल : कोण देणार? विचार केला जाणार नाही : कोण करणार नाही? सगळ्या उताऱ्यात करणारा माणूस एकदाही सापडत नाही. फक्त एका वाक्यात, हरकती सादर करण्याच्या, काम कुणी करायचं ते बरोबर कळतं : तुम्ही.

यानंतर उतारा कर्तरी प्रयोगात लिहायला सांगा. 'कंपनी रस्ता रुंद करील. कंपनी झाडं तोडील. कंपनी मोबदला देईल.' आता मुलांच्या लक्षात येतं की वाक्य अजून अपुरं आहे. किती झाडं? कोणती? मोबदला किती, कधी, पातं उभं राहण्याआधी की नंतर? कर्ता सापडला की प्रश्न आपोआप सुचायला लागतात. असा अनुभव आहे की व्याकरणात मागे असलेली मुलंही इथे हिरिरीने बोलतात.

शेवटी एक शब्द वेगळा काढा : ना-हरकत. 'माझी हरकत नाही' आणि 'माझी संमती आहे' यात फरक आहे का? वर्गात यावर छान वाद होतो. हरकत नाही असं माणूस कधी कधी न ऐकताच म्हणतो. संमती द्यायला ऐकावं लागतं, समजून घ्यावं लागतं.

विचारलं तर काय बदलतं

मोठी मुलं निराश प्रश्न विचारतात. 'सर, ठरलेलं असतं सगळं. विचारून काय होतं?' याला उपदेशाने उत्तर देऊ नका, उदाहरण द्या.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या समोरच्या समुद्रात मिडलग्रुंडेन नावाचा पवनऊर्जा प्रकल्प २००० साली सुरू झाला. मूळ आराखड्यात २७ पवनचक्क्या तीन रांगांत होत्या. लोकांसमोर तो मांडला गेला तेव्हा शहराच्या समोरचं दृश्य बिघडेल अशी हरकत आली. आराखडा बदलला. २० पवनचक्क्या, एकाच वळणदार रेषेत, एकूण ४० मेगावॅट. यातला अर्धा हिस्सा सहकारी संस्थेचा, आणि हजारो सामान्य रहिवासी तिचे सभासद. सहकार म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, दूधसंघ आणि साखर कारखाना त्यांना माहीत असतो. पुढे डेन्मार्कने कायदाच केला की जमिनीवरच्या नव्या प्रकल्पातला निदान २० टक्के हिस्सा जवळच्या रहिवाशांना विकत घ्यायची संधी द्यायची. तो कायदा काही वर्षांनी बदलला, पण एक दशकभर चालला.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं? ज्याच्या शेतात खांब उभा राहतो त्याला पैसे मिळतात. शेजारच्याला घरघर आणि सावली. गावातल्या दोन-चार पोरांना रखवालदाराची नोकरी. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, नुसती चार शेरडं आहेत, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

आणि काही गोष्टी अशा असतात की त्या कुणाच्याच बोलण्यात येत नाहीत. चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागापेक्षा नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. पक्षी पात्यांना टाळतात, म्हणून पवनचक्क्यांखालचे सरडे वाढले. खाणारा नाही म्हटल्यावर ते निर्धास्तही झाले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात. गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारा हा सरडा. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव आहे सरडा सुपर्बा, आणि त्यातलं 'सरडा' हे आपल्या मराठीतूनच घेतलेलं आहे. हे सांगितल्यावर वर्गाला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो! यातून पवनचक्की वाईट ठरत नाही. पण उभारणीआधी तिथल्या गुराख्याला विचारलं असतं, घारी कुठे बसतात, तर त्याने हात करून दाखवलं असतं.

वर्गातली जनसुनावणी

आता प्रत्यक्ष कृती. एका काल्पनिक गावाच्या माळावर २० पवनचक्क्या येणार आहेत असं ठरवा. गावाला नाव मुलांनाच देऊ द्या. भूमिका वाटा : अपर जिल्हाधिकारी, मंडळाचा अधिकारी, कंपनीचे दोन प्रतिनिधी, जमीन विकू इच्छिणारा शेतकरी, त्याचा शेजारी, धनगर, सरपण आणणाऱ्या दोघी जणी, नोकरी हवी असलेला तरुण, पक्षी पाहणारा, इतिवृत्त लिहिणारे दोघे. बाकीचा वर्ग म्हणजे गाव.

भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या. वर्गातल्या हुशार मुलालाच जिल्हाधिकारी करायचा मोह टाळा. आणि कंपनीची बाजू कमकुवत ठेवू नका. त्या दोघांना तयारीसाठी जास्त वेळ द्या, आकडे द्या. कोळशाच्या विजेने काय होतं हे त्यांनी ठासून सांगितलं पाहिजे, नाहीतर सुनावणीचं नाटक होतं आणि खलनायक आधीच ठरलेला असतो.

आदल्या दिवशी एका मुलाला शाळाभर दवंडी द्यायला पाठवा. सुनावणीत नियम एकच : घोषणा नको, प्रश्न हवा. 'पवनचक्की नको' हे नोंदवायचं नाही. 'रात्री आवाज किती येईल, आणि जास्त आला तर तक्रार कुणाकडे?' हे नोंदवायचं. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून दरवर्षी सांगतो : पवनचक्की म्हातारी झाली की तिला कोण काढून नेणार? कंपनीची भूमिका करणारे गप्प झाले. प्रश्न अगदी खरा आहे. या यंत्रांचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचं असतं, आणि आपल्या राज्यातली सुरुवातीची यंत्रं आता त्या वयाला आली आहेत. जुन्या लहान यंत्रांच्या जागी नवी मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं. मोठं यंत्र म्हणजे पुन्हा लांब पातं, पुन्हा रस्ता.

पालकांकडून एक मदत हवी आहे. घरात जुनी नोटीस, मोजणीचं पत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना असेल तर तिची प्रत, नाव आणि गट क्रमांक झाकून, मुलाबरोबर पाठवा. माझ्या नमुन्यापेक्षा खरा कागद केव्हाही चांगला. आणि पुढच्या ग्रामसभेला, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, जी येईल तिला मुलाला सोबत न्या. त्याला मत नाही, पण बसून ऐकायला कुणी मनाई करत नाही.

सुनावणी संपली की इतिवृत्त लिहिणाऱ्या दोघांनी ते उभं राहून मोठ्याने वाचायचं. बाकीच्यांनी आपला प्रश्न त्यात आला का ते ऐकायचं, आणि नसेल आला तर उभं राहायचं. पहिल्या वाचनाला जवळजवळ अर्धा वर्ग उभा राहतो. लिहिणाऱ्यांनी मित्रांचे प्रश्न घेतलेले असतात, मागच्या बाकावरचे गळलेले असतात, 'गावकऱ्यांनी विविध शंका उपस्थित केल्या' असं एक वाक्य टाकून मोकळे झालेले असतात. ते वाक्य खोडायला लावायचं आणि प्रत्येक शंका वेगवेगळी लिहून घ्यायची. याला आणखी एक तासिका जाते, नियोजनात ती आधीच धरून ठेवा.